बंगल्याची रीत

साधनाने हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि पावलांचा आवाज होऊ न देता चुलीपलीकडच्या पडद्याशी गेली. पडद्याआड मिलिंद रडत होता. पोर चार महिन्यांचं, पण आवाज चांगला कमावलेला. तिने पडदा दोन बोटं बाजूला केला.

"भोंगा झाला नाही अजून," ओसरीवरून सासूचा आवाज आला.

जिजाबाई तिकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. तिने मानसुद्धा वळवली नव्हती.

"मी आगपेटी पाहून राह्यली, आत्याबाई."

"आगपेटी चुलीपाशी राह्यते. लेकराच्या खोलीत नाही राह्यत."

लेकराची खोली म्हणजे स्वयंपाकघराचाच अर्धा भाग. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीवर कामगारांना दोन खोल्यांची घरं होती. त्यातल्या मागच्या खोलीत जिजाबाईने एक जुनी चादर दोरीवर टाकली होती आणि चादरीपलीकडे पाळणा, तांदळाचं पोतं आणि गोवऱ्यांची रास यांची एकत्र सोय केली होती. लहान मुलाने आईजवळ झोपायचं नाही, त्याला स्वतंत्र खोली हवी, ही बंगल्याची रीत. बंगल्यात पोराच्या खोलीला चार खिडक्या होत्या. इथे एक झरोका होता आणि तोही धुराने काळा झालेला. पण रीत ती रीत.

बंगला म्हणजे टेकडीवरचा, खाणीच्या गोऱ्या मॅनेजरचा. तरुणपणी जिजाबाई तिथे आया होती. मॅनेजरची मेमसाहेब स्वतः तिच्या आजीच्या शिस्तीत वाढलेली आणि ती आजी विलायतेत व्हिक्टोरिया राणीच्या काळात वाढलेली. म्हणजे कुठल्या थंड देशातल्या कुठल्या म्हाताऱ्या बाईने कुठल्या जमान्यात घालून दिलेली शिस्त बोटीत बसून, रेल्वेत बसून, बैलगाडीत बसून भरवेलीच्या टेकडीवर चढली आणि मेमसाहेब गेल्यावर टेकडी उतरून कामगारांच्या वस्तीत येऊन राहिली. राणीला मरून पासष्ट वर्षं झाली होती, इंग्रजांना जाऊन वीस होत आली होती. दिल्लीपासून बालाघाटपर्यंत सगळीकडे आपलं राज्य आलं होतं. फक्त मिलिंदवर अजून राणीचंच राज्य चालू होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

राणीचे कायदे पुष्कळ होते. पोराला काजळ घालायचं नाही. पोराचा मुका घ्यायचा नाही, कारण तोंडातून रोग जातो. शनिवारी एरंडेल. मुलगा असला तरी पांढरा झालरीचा झगा. आणि दूध वेळेवर, म्हणजे खाणीचा भोंगा होईल तेव्हाच. दोन भोंग्यांच्या मधे फार अंतर पडायचं. चार महिन्यांच्या जिवाला तितका वेळ उपाशी ठेवणं जिजाबाईलाही जड जाई, म्हणून मधल्या एका वेळेला शाळेची घंटा चालवून घेतली जाई. त्याखेरीज पोर कितीही रडलं तरी उचलायचं नाही. रडल्याने फुफ्फुस मजबूत होतं आणि उचलल्याने पोर बिघडतं.

शिवाय रोज संध्याकाळी हवा खायला न्यायचं. बंगल्यात त्यासाठी झुलती बाबागाडी होती. जिजाबाईच्या आग्रहाखातर खेमराजने, म्हणजे तिच्या मुलाने, साबणाच्या खोक्याला खाणीतली टाकाऊ बेअरिंगं लावून एक गाडी केली. ती इतकी खडखडायची की घरांच्या तीन ओळींपलीकडची म्हातारी माणसं वेळ ओळखायची. खाणीच्या रस्त्यावरून मँगनीजचे ट्रक जात आणि रस्त्यावर काळा धुरळा उठे. पांढऱ्याशुभ्र झग्यात गेलेला मिलिंद ताजी हवा खाऊन परत येई तेव्हा त्याचे फक्त डोळे ओळखू येत.

"चेहऱ्यावर रंगत आली, नाही?" जिजाबाई विचारायची.

"हौ," साधना म्हणायची आणि पाणी तापवायला ठेवायची.

राजेगावच्या माहेरी साधनाने सात भाचरं कडेवर वागवली होती. तिथे पोर रडलं की जवळ असेल तो उचलायचा, इतका साधा हिशेब होता. इथे आपलंच पोर आपल्यापासून सहा पावलांवर गळा काढतं आणि आपण भाजी चिरत बसतो, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. रात्री सासूला झोप लागली की राज्य बदलायचं आणि मिलिंद तिच्या कुशीत यायचा. पण दिवस मोठे होते. एकदा तिने नवऱ्याजवळ विषय काढला.

खेमराज खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि युनियनमध्ये पुढे पुढे असायचा. मॅनेजरच्या केबिनसमोर मूठ वर करून उभा राहिला की त्याच्यामागे दोनशे माणसं उभी राहत. त्याने साधनाचं सगळं ऐकून घेतलं, दोनदा खाकरला आणि जेवताना मायजवळ मागणी मांडली.

"माय, ते लेकरू थोडंसं... म्हणजे रडून राह्यलं त..."

"तू असाच वाढला," जिजाबाई म्हणाली. "काय कमी हाय तुह्यात?"

खेमराजने स्वतःकडे पाहिलं. कमी असं काही चटकन सापडलं नाही. त्याने भात मागितला आणि वाटाघाटी तिथेच संपल्या.

मग हरताळ झाला. बोनसवरून खाण बंद पडली, भोंगावाला माणूसही हरताळावर गेला आणि त्या दिवशी दुपारी भोंगा वाजलाच नाही. शाळेलाही सुट्टी होती. मिलिंद रडायला लागला. साधना उठली.

"भोंगा कुठी झाला?" जिजाबाई म्हणाली.

"आज होतच नाही, आत्याबाई. हरताल हाय."

जिजाबाई ओसरीवर येऊन उभी राहिली. टेकडीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. आपला मुलगा हरताळाच्या पेंडॉलमध्ये बसून भोंगा बंद पाडतो आणि इथे आपला नातू भोंग्यावाचून उपाशी, असा हा पेच होता. हरताळ किती दिवस चालेल ते युनियनलाही ठाऊक नव्हतं. शेवटी ती आत गेली, पितळी थाळी आणि उलथनं घेऊन आली आणि अंगणात उभी राहून तिने थाळी बडवायला सुरुवात केली.

सगळी वस्ती बाहेर आली. कुणाला वाटलं कुठे मुलगा झाला, कुणाला वाटलं ग्रहण लागलं. शेजारची गोदाबाई हातातलं लाटणं घेऊन तशीच धावत आली.

"काय झालं वो, जिजाबाई?"

"काही नाही. नातवाच्या दुधाची वेळ झाली."

पेंडॉलमध्ये ही बातमी गेली तेव्हा हरताळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरात मान्य झालेली ती एकच मागणी होती. खेमराजला मात्र पुढे आठवडाभर लोक थाळी कधी वाजणार ते विचारत राहिले.

साधनाही तेव्हा हसली होती. पण हसता हसता तिला राग येत होता आणि रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं, कारण जिजाबाई वाईट बाई नव्हती. बाळंतपणात तिने सुनेचं केलं तेवढं सख्ख्या आईनेही केलं नसतं. पहिला घास सुनेच्या ताटात, मऊ गोधडी सुनेच्या अंगाखाली. फक्त पोराची गोष्ट निघाली की ती बंगल्यावर चढून बसायची.

त्याला कारणही होतं आणि ते साधनाला माहीत होतं. जिजाबाई तरुण होती तेव्हा तिच्या घागरीला गावच्या विहिरीवर जागा नव्हती. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचा. अशा दिवसांत ती टेकडीवर काम मागायला गेली आणि मेमसाहेबाने तिचे हात उलटसुलट करून पाहिले, साबणाने धुवायला लावले आणि आपलं पोर सरळ तिच्या हातात दिलं. जात विचारली नाही. पुढे नागपूरला दीक्षा झाली, वस्तीतल्या घराघरांत बुद्धाची तसबीर लागली, मान ताठ करून चालायचे दिवस आले. तरी ते पहिलं पोर हातात आलेलं जिजाबाई विसरली नाही. ज्या घराने आपल्याला माणूस म्हणून उंबऱ्याच्या आत घेतलं, त्या घराची रीत चुकीची कशी असेल?

उन्हाळ्याच्या तोंडी एके दिवशी प्रेमलाल आला. हा बंगल्यावरचा जुना खानसामा. आता वारासिवनीला लेकाकडे राहत होता आणि नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जुनी घरं फिरत होता. तोंडात दात चार, पण बोलणं चालूच. त्याची भाषा हिंदी आणि मराठी यांच्या मधे कुठेतरी होती.

साधनाने चहा ठेवला. जुन्या ओळखी निघाल्या, कोण कुठे, कोण मेलं, कुणाचे सांधे धरले. एवढ्यात पडद्यामागून मिलिंदचा आवाज सुरू झाला. कुणीच उठत नाही म्हटल्यावर प्रेमलालने कप खाली ठेवला.

"बाबा काहून रोता है?"

"दुधाची वेळ व्हायची हाय," जिजाबाई म्हणाली. "भोंग्यावर देतो आमी. बंगल्याची रीत."

"बँगले में भोंगा कहाँ से आया? वहाँ तो घडी थी, दीवार पे, इतनी बडी. मेमसाब तो भोंगे को गाली देती थी. बाबा की नींद तोडता है करके."

जिजाबाईने मांडीवरचा पदर सारखा केला. "तुमाले याद राह्यली नाही, प्रेमलालभाऊ."

"मेरे को?" प्रेमलाल साधनाकडे वळला. "बहू, तू ऐक. मेमसाब का कानून था, रोने दो, उठाना नहीं. और ये तेरी सास, बाबा रोया की खाट के नीचे घुस के लेट जाती थी. ऊपर हाथ डाल के बाबा का पाँव पकड के पडी रहती थी. मेमसाब आली की खाटेच्या खालून आवाज, झाडू मारून राह्यली, मेमसाब. दिवसातून दहा वेळा झाडू. मेमसाब मेरे को बोली, प्रेमलाल, ये आया सफाई बहुत करती है."

साधनाने किटली खाली ठेवली. तिने तोंडाला पदर लावला. खाटेखाली आडवी झालेली सासू तिच्या डोळ्यांसमोर आली आणि तिला हसू आवरेना. इतक्या महिन्यांचा अन्याय एका चहाच्या कपात फिटला होता. आता आज संध्याकाळी खेमराज येऊ दे, मग सांगते बंगल्याची रीत, असं तिने मनात पक्कं केलं.

"मग भोंग्याचं कसं, काका?" तिने मुद्दाम विचारलं. सासू ऐकत होती तर ऐकू दे.

"भोंगा तो इसका था," प्रेमलाल म्हणाला. तोही हसतच होता. "भोंगा बजा की अर्धा घंटा छुट्टी. ये यूँ भागती थी टेकडी उतर के, चप्पल हातात. अपने बच्चे को दूध पिला के वापस. बीच में मेमसाब छोडती नहीं थी ना."

त्याने चहाचा घोट घेतला. बशीत थोडा सांडला, तो त्याने फुंकून प्यायला. साधनाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"बाकीच्या वेळी मग," तिने हळूच विचारलं. "घरी हे..."

"रडे," जिजाबाई म्हणाली. ती कुणाकडेच पाहत नव्हती. "सासू होती, पण तिले दिसे नाही. लेकरू रडून रडून झोपे. गोदाबाईची माय सांगे मले, आज लय रडला म्हणून." मग ती म्हणाली, "पण फुफ्फुस पाह्य त्याचं. दहा वर्षं खाणीत झाली, साधा खोकला नाही."

पडद्यामागे मिलिंद दमला होता आणि आता नुसते हुंदके देत होता. प्रेमलालने पत्रिकेवर हळदीचं बोट कुठे लावलंय ते दाखवलं, लग्नाला यायलाच पाहिजे असं तीनदा सांगितलं आणि तो उठला. जाताना त्याने जिजाबाईला वाकून जयभीम घातला. तिने हात जोडले.

त्या संध्याकाळी खेमराज आला, जेवला, बोनसचं काय झालं ते सांगत बसला. साधनाने त्याला प्रेमलाल आल्याचं सांगितलं, लग्नाची तारीख सांगितली. खाटेखालचं काही सांगितलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रुंद छातीचा, मोठ्या आवाजाचा, भाताच्या ढिगावर वरण ओतून घेणारा हा माणूस कधीकाळी याच वस्तीत एका आंधळ्या म्हातारीजवळ पडून भोंग्याची वाट पाहत होता. आणि वर टेकडीवर त्याची माय दुसऱ्याच्या लेकराचा पाय धरून फरशीवर निजली होती. पोराला रडू देणं हीच जर खरी रीत असेल, तर खेमराजचं ते रडणं सत्कारणी लागलं. रीत खोटी असेल, तर नुसतंच एक लेकरू उगाच रडलं. साधनाला सासूचा हट्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि कळला म्हणूनच तिला जिंकल्याचा आनंद होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळाला पाणी आल्याची ओरड झाली. एरवी साधना पाणी आणायला जाताना मिलिंदला खडखड्या गाडीत घालून बरोबर न्यायची. त्या दिवशी तिने गाडी तशीच ठेवली आणि फक्त पाण्याचा पितळी गुंड उचलला.

"आत्याबाई, मी पाण्याले जातो. हा जागाच हाय."

"ने ना मंग त्याले."

"ऊन लय हाय. राहू द्या." ती दाराशी थांबली. "रडला त रडू द्या."

जिजाबाईने नुसतं हूं केलं. ती ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण आज पाठ रस्त्याकडे होती.

नळावर रांग होती. साधनाचा नंबर येईपर्यंत तिचं अर्धं लक्ष घराकडेच होतं. मधे एकदा मिलिंदचा आवाज कानावर आला. तो वाढला, मग आणखी वाढला. मग बंद झाला. गुंड भरला तसा तिने तो डोक्यावर घेतला आणि झपझप घराकडे निघाली.

ओसरीवर कुणी नव्हतं. सूप तिथेच होतं आणि दोन चिमण्या त्यातले तांदूळ निवडत होत्या. साधना दाराशी आली आणि आत पाय टाकणार तोच थबकली.

पडदा बाजूला सरकवलेला होता. तांदळाच्या पोत्याला टेकून जिजाबाई जमिनीवर बसली होती आणि मिलिंद तिच्या छातीशी होता. ती पुढेमागे डोलत होती. तिने त्याच्या टाळूवर ओठ टेकवले होते आणि त्यामुळे शब्द अर्धेमुर्धेच ऐकू येत होते.

"उगी, उगी. आली ना मी. आज लवकर सोडलं मले." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "बस झालं आता, खेमू. लय रडला माहा खेमू. नाही जात आता, कुठीच नाही जात."

साधना डोक्यावरचा गुंड धरून तशीच उभी राहिली. मग एकेक पाऊल मागे घेत ती अंगणात आली. कुंपणाशी पपईचं झाड होतं. तिने गुंड उतरवला आणि भर उन्हात रांगेत उभं राहून मिळवलेलं सगळं पाणी त्याच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं, आवाज होऊ न देता. रिकामा गुंड कडेवर घेऊन ती पुन्हा नळावर गेली.

"काहून वो?" गोदाबाईने विचारलं. "आत्ताच त नेलं ना पाणी?"

"सांडलं," साधना म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मागून एक बाई आली, तिला तिने आपल्या पुढे घातलं.